आईबापांनी बांधून दिलेली शिदोरी

मैत्रिणींनो, महिला मंडळाची बैठक कशासाठीही असो, शेवटी विषय मुलांवर येऊन थांबतोच. बचत गटाचा हिशेब संपतो, चहाचे कप हातात येतात आणि एकेक जण बोलू लागते. कुणी म्हणते, धाक नसला की मुलं डोक्यावर बसतात. कुणी म्हणते, आमच्या वेळी वडील दारात दिसले की आम्ही स्वयंपाकघरात पळायचो, ते तरी काय चांगलं होतं? एखादीचा मुलगा एकुलता एक, तो मागेल ते हजर करावं लागतं. आणि एखादी गप्पच बसते, कारण दिवसभर कामावर जाऊन आल्यावर मुलाशी चार शब्द बोलायचंही त्राण तिच्यात उरत नाही. सगळ्याच जणी आपापल्या जागी खऱ्या असतात.

मानसशास्त्रातल्या लोकांनी या सगळ्याची नीट वर्गवारी केलेली आहे. अमेरिकेतल्या डायना बाउमरिंड या बाईंनी १९६०च्या दशकात आईबापांचे तीन प्रकार सांगितले. पहिले नुसत्या धाकाने वागवणारे. दुसरे सगळं मोकळं सोडणारे. आणि तिसरे शिस्तही लावणारे, पण कारण समजावून सांगणारे, मुलाचं म्हणणं ऐकून घेणारे, माया न आटवणारे. पुढे इतरांनी चौथा प्रकार जोडला, तो म्हणजे मुलांकडे लक्षच नसणाऱ्यांचा. तिसऱ्या प्रकारच्या घरातली मुलं पुढे जगाशी जास्त चांगली जुळवून घेतात, असं बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे.

हे सगळं खरं. पण खरी घरं काही अशी एकाच चौकटीत बसत नाहीत. एकाच घरात एका बाबतीत पंख दिले जातात आणि दुसऱ्या बाबतीत ते बांधले जातात, तेही त्याच प्रेमळ हातांनी. मूल मोठं होतं ते या दोन्हींतून. हे मला सगळ्यात जास्त कुठे जाणवलं असेल, तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांच्याबद्दल चार ओळी वाचलेल्या असतात. विधवांसाठी शारदा सदन काढलं, केडगावला मुक्ती मिशन उभारलं, एवढं आठवतं. पण ही बाई घडली कशी, कुठल्या आईबापांच्या हाताखाली घडली, हे फारसं कुणी सांगत नाही.

जगावेगळा बाप

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मूळचे मंगळूरकडचे, चित्पावन ब्राह्मण घराण्यातले. संस्कृत शिकायला ते पुण्याला आले होते. त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात जाऊन दुसऱ्या बाजीरावाच्या राणीला संस्कृत शिकवत. बाई संस्कृत श्लोक म्हणते आहे, हे दृश्य त्या तरुण शिष्याच्या मनात घर करून बसलं. आपल्याही बायकोला शिकवायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. पहिल्या बायकोला त्यात रस नव्हता, घरच्यांनाही ते पसंत नव्हतं. ती वारली. पुढे गोदावरीच्या काठी एका यात्रेकरूने आपली नऊ वर्षांची मुलगी या चाळिशी ओलांडलेल्या शास्त्र्याला देऊन टाकली. आज ऐकताना अंगावर काटा येतो, पण त्या काळात हे घडत होतं. ती मुलगी म्हणजे लक्ष्मीबाई, रमाबाईंची आई.

अनंतशास्त्र्यांनी या दुसऱ्या पत्नीला मनापासून शिकवलं. गावात गहजब झाला. बाईला देवभाषा शिकवणं म्हणजे अधर्म, असं जातवाले म्हणू लागले. शास्त्रीबुवांनी माघार घेतली नाही. शास्त्रातले आधार गोळा केले, उडुपीला विद्वानांच्या सभेत उभं राहून आपली बाजू मांडली. आणि मग कटकट नको म्हणून बायकोला घेऊन सह्याद्रीतल्या गंगामूळ इथल्या रानात जाऊन राहिले. तिथे आश्रम काढला, विद्यार्थी ठेवले. याच रानात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

आल्यागेल्याचं, यात्रेकरूंचं, विद्यार्थ्यांचं सगळं करता करता आश्रम कर्जात बुडाला. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंबाने रान सोडलं. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटीत घातलं, ती पेटी माणसाच्या डोक्यावर दिली, आणि सगळे तीर्थयात्रेला निघाले. ती यात्रा पुढे वर्षानुवर्षं चालली. एका गावी मुक्काम, देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर राहायचं, मग पुढचं गाव. घर म्हणून घर नाही, शाळा नाही, खेळायला ठरलेल्या मैत्रिणी नाहीत.

आजच्या भाषेत सांगायचं तर या मुलीच्या बालपणात काहीच स्थिर नव्हतं. पण एक गोष्ट अगदी पक्की होती, ती म्हणजे आई.

आईची शाळा

वडील आता थकले होते, म्हणून रमेला शिकवायचं काम आईने अंगावर घेतलं. आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत आईच तिची गुरू. दिवसभर यात्रेची धावपळ, स्वयंपाकपाणी, म्हणून लक्ष्मीबाई पहाटे अंधारातच लेकीला उठवत. त्या उठवण्यात खेकसणं नव्हतं. अर्धवट झोपेतल्या मुलीला जवळ घेऊन, गोंजारून जागं करायचं आणि मग धडा सुरू करायचा. पाखरं किलबिलायच्या आधीच दोघींचे श्लोक चालू झालेले असत. अशा रीतीने भागवताचे अठरा हजार श्लोक रमेच्या तोंडी बसले.

आता पाठांतर म्हणजे काही फार मोकळी शिकवण नव्हे. मुलीने नेमाने उठायचं, रोजचा पाठ रोज करायचा, यात सूट नव्हती. पण आईच्या शिकवण्यात एक खुबी होती. तिने अशी गोडी लावली की पुढे आई नसतानाही रमाबाई दुसऱ्याच्या मदतीशिवाय स्वतःचं शिक्षण पुढे नेऊ शकल्या. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. १८८७ साली अमेरिकेत त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. ते त्यांनी आपल्या आईच्या स्मृतीला अर्पण केलं आणि तिची शिकवण हाच आपल्या आयुष्यातला दिवा होता, अशा आशयाचं त्यात म्हटलं.

मला वाटतं, शिस्त आणि माया यांचं भांडण आपण उगाच लावतो. लक्ष्मीबाईंनी दोन्ही एकाच वेळी एकाच मुलीला दिलं. पहाटे उठवलं आणि उठवताना जवळही घेतलं!

वडिलांनी आणखी एक मोठी गोष्ट केली. थोरल्या मुलीचं, कृष्णाबाईचं लग्न त्यांनी रीतीप्रमाणे लहानपणीच करून दिलं होतं. ते काही सुखाचं ठरलं नाही. त्या अनुभवाने शहाणे होऊन त्यांनी धाकट्या रमेचं लग्न लहानपणी करायचं नाही, असं ठरवलं. त्या काळी दहा-बारा वर्षांची बिनलग्नाची मुलगी घरात असणं म्हणजे बापाच्या सात पिढ्या नरकात गेल्या, असं मानलं जाई. तरी त्यांनी ते सोसलं. एका लेकीच्या बाबतीत चुकलं ते दुसरीच्या बाबतीत सुधारायचं, ही गोष्ट ऐकायला सोपी, पण करायला किती अवघड! थोरल्यासाठी हेच केलं म्हणून धाकट्यालाही तेच, असं आपण आजही म्हणतोच की.

जे दिलं नाही त्याची किंमत

इथपर्यंतची गोष्ट ऐकून वाटेल, काय भाग्यवान मुलगी! पण या शिदोरीत एक मोठी उणीव होती, आणि तीही प्रेमातूनच आलेली होती.

आपली मुलं बाहेरच्या जगाच्या वाऱ्याने बिघडतील, धर्म सोडतील, अशी या आईबापांना धास्ती होती. म्हणून त्यांनी मुलांना इंग्रजी शिकवलं नाही, शाळेतले व्यवहाराचे विषय शिकवले नाहीत, बाहेरच्या लोकांत मिसळू दिलं नाही. पोट भरण्याचा एखादा धंदा किंवा हातकाम शिकवायचा तर प्रश्नच नव्हता. विद्वान ब्राह्मणाच्या मुलांनी अंगमेहनत करायची नाही, अशी समजूत. हाती पैसा आला की दानधर्म करायचा, उद्याचं उद्या देव बघेल.

मग तो उद्या आला. १८७०च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कुणी येईना, दक्षिणा आटली. दागिने गेले, कपडे गेले, तांब्यापितळेची भांडी विकली. भीक मागायची लाज आणि मजुरी करायची सवय नाही. घरातल्या जाणत्या मुलाला, श्रीनिवासला, शास्त्रातलं किती यायचं! पण चार पैसे मिळवून देईल असं काही हातात नव्हतं. शेवटी कुटुंब रानात शिरलं. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. म्हातारे, दृष्टी गेलेले वडील म्हणाले, आता पवित्र तीर्थात जलसमाधी घेतो. तेव्हा कुठे मुलगा पुढे आला. मी पडेल ते काम करीन, मोलमजुरी करीन, पण असं मरायचं नाही, असं त्याने ठरवलं. पण फार उशीर झाला होता. वडिलांनी धाकट्या लेकीला जवळ घेतलं, देवाची वाट न सोडण्याबद्दल शेवटचे चार शब्द सांगितले आणि ते गेले. ही १८७४ची गोष्ट. रमा तेव्हा सोळा वर्षांची होती.

थोड्याच दिवसांत आईही गेली. परक्या गावात प्रेत उचलायला माणसं मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा श्रीनिवास, आणि चौथी रमा. ती उंचीने लहान, खांद्याला तिरडी पुरेना, म्हणून तिने आईची तिरडी डोक्यावर घेतली आणि ती स्मशानापर्यंत चालत गेली. ज्या मुलीला तान्हेपणी माणसाने डोक्यावर वाहून नेलं होतं, तिनेच आईला अशी पोहोचवली. पुढे थोरली बहीणही वारली.

आपली ही दैना कशामुळे झाली, हे रमाबाईंनी नंतर अगदी स्पष्ट लिहिलं. आईबापांबद्दल त्यांच्या मनात अपार कृतज्ञता होती. तरी आम्हाला कामाची लाज वाटायला शिकवलं गेलं होतं आणि व्यवहाराचं काहीच शिकवलं नव्हतं, हेही त्यांनी लपवलं नाही. आईबापांवर प्रेम करायचं आणि त्यांचं काय चुकलं तेही पाहायचं, हे दोन्ही त्यांना जमलं.

माझ्या कामाच्या निमित्ताने माझी अशा कितीतरी बायकांशी गाठ पडते. नवरा अचानक जातो आणि पदवीधर बाईलासुद्धा बँकेचा फॉर्म कसा भरायचा ते माहीत नसतं. माहेरी लाडाची, सासरी जपलेली. तुला काय करायचंय बाहेरचं, असं दोन्हीकडे मायेनेच सांगितलेलं. त्या मायेची किंमत मग तिला एकटीला मोजावी लागते.

एकटी, पण न मोडलेली

आता उरले दोघे, भाऊ आणि बहीण. दोघं पायी फिरत राहिले, हजारो मैल, पार काश्मीरपर्यंत. अंगावर पुरेसं पांघरूण नाही. थंडीच्या दिवसांत झेलम नदीच्या काठी वाळूत दोन खड्डे खणायचे, त्यांत पडायचं आणि वर वाळू ओढून घ्यायची, असेही दिवस त्यांनी काढले. मूठभर धान्य भिजवून मिठाबरोबर खायचं. १८७८ साली दोघं कलकत्त्याला पोहोचले.

तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या, बिनलग्नाच्या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. आईच्या पहाटेच्या धड्यांचं असं चीज झालं. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. पडद्यातल्या बायकांना स्त्रीधर्मावर व्याख्यानं द्या, अशी विनंती तिला झाली. त्यासाठी तिने धर्मशास्त्राचे ग्रंथ स्वतः उघडून वाचले. त्यांत बाईबद्दल काय काय लिहिलं आहे, ते पाहून तिला धक्का बसला आणि ती प्रश्न विचारू लागली. ज्या मुलीला लहानपणापासून तुला कळतं असा विश्वास मिळालेला असतो, तीच असा प्रश्न विचारू शकते. गंमत बघा, मुलांनी बाहेरच्या विचारांपासून लांब राहावं म्हणून आईबापांनी केवढी काळजी घेतली. पण वाचायला शिकवलं तेव्हाच त्यांनी ते दार उघडून ठेवलं होतं!

१८८० मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, दुसऱ्या प्रांतातल्या आणि दुसऱ्या जातीतल्या माणसाशी, स्वतःच्या पसंतीने नोंदणी पद्धतीने लग्न केलं. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२च्या फेब्रुवारीत नवरा पटकीने गेला. चोवीस वर्षंही पूर्ण नाहीत, कडेवर दहा महिन्यांचं बाळ, आणि माहेर नाही, सासर नाही.

एवढे घाव बसल्यावर माणूस मोडून पडावा. रमाबाई त्याच वर्षी पुण्याला आल्या, त्यांनी आर्य महिला समाज काढला, मराठीत स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिलं, सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे बायकांना स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात अशी साक्ष दिली. हे बळ कुठून आलं? त्यांच्या अंगच्या गुणांतून तर आलंच, पण पहिल्या पंधरा वर्षांतल्या त्या पक्क्या मायेतूनही आलं, असं मला वाटतं. घर नव्हतं, पैसा नव्हता, पण आपण आईबापांना हव्या आहोत, याबद्दल त्या मुलीला कधी शंका घ्यावी लागली नाही.

आता स्वतः आई

१८८३ मध्ये रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्याने ते जमलं नाही. वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयाला त्या राहिल्या आणि त्याच वर्षी मायलेकींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इकडे महाराष्ट्रात त्यावरून मोठं वादळ उठलं. पण तिकडेही सगळं सुरळीत नव्हतं. पोरीला कसं वाढवायचं, यावरून रमाबाई आणि त्यांना आधार देणाऱ्या भगिनी यांच्यात वारंवार मतभेद होऊ लागले. भगिनींना वाटे, आम्ही सांगू ती शिकवण, आम्ही सांगू ती शिस्त. रमाबाईंना वाटे, मूल माझं आहे, त्याच्याबद्दल ठरवायचा हक्कही माझाच.

मनोरमेबद्दल त्यांचा एक आग्रह मला फार मोलाचा वाटतो. ती विलायतेत वाढली तरी तिने आपल्या लोकांपेक्षा स्वतःला वरचढ समजू नये, आपण हिंदुस्थानची लेक आहोत हे सांगताना तिला लाज वाटू नये, असं त्यांनी ठासून कळवलं होतं. परदेशात असलेल्या आपल्या मुला-नातवंडांच्या काळजीत असलेल्या आज्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. रमाबाईंनी स्वतःचा धर्म बदलला, पण लेकीला तिच्या माणसांपासून तुटू दिलं नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे कामाचा व्याप इतका वाढला की पाच वर्षांच्या मनोरमेला त्यांना परत इंग्लंडला भगिनींकडे पाठवावं लागलं. आई एका खंडात, लेक दुसऱ्या खंडात. ज्या आईने स्वतःच्या आईचा पदर पंधरा वर्षं सोडला नव्हता, तिला आपल्या लेकीला तसं बालपण देता आलं नाही. नोकरी-कामासाठी मुलांना आजीकडे, पाळणाघरात, वसतिगृहात ठेवणाऱ्या आयांना यातली कळ सांगायला नको. पुढे मायलेकी भारतात एकत्र आल्या, मनोरमा पुन्हा परदेशी जाऊन शिकली, तिने मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी घेतली आणि ती आईचा उजवा हात झाली. गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढण्यात तिचा पुढाकार होता. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवण्याचं कामही तिने केलं. लांब राहूनही नातं टिकलं, कारण पत्रातून का होईना, आईने लेकीच्या वाढण्यातलं आपलं लक्ष कधी काढून घेतलं नाही.

हातांना काम, डोक्याला विद्या

अमेरिकेत असताना रमाबाईंनी फ्रोबेल यांची बालवाडीची पद्धत मुद्दाम शिकून घेतली. मुलाने खेळता खेळता, हाताने काही करता करता शिकावं, अशी ती पद्धत. पाठांतरावर वाढलेल्या बाईने हे शिकायला जावं, ही मला मोठी गोष्ट वाटते. आपल्याला जसं शिकवलं तसंच पुढच्यांना शिकवायचं, हा हट्ट त्यांनी धरला नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. केशवपन झालेल्या, अपशकुनी म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या मुली तिथे आल्या. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई नातू. त्याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी, आपल्या बाया कर्वे. लहानपणी विधवा झालेल्या गोदूबाईंना तिशीच्या आधी शिकायला मिळालं आणि १८९३ मध्ये त्यांचा पुनर्विवाह झाला. माणूस कोमेजलेला असला तरी माया आणि विश्वास मिळाला की पुन्हा पालवतो, हे या सदनात पुष्कळदा दिसलं.

१८९३ मध्येच सदनावर मोठं संकट आलं. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत आणि काही मुली तिथे जाऊन बसत. मुली ख्रिस्ती होतील, अशी भीती पालकांना वाटली, पुष्कळ मुलींना काढून नेलं गेलं. सल्लागार मंडळातल्या रानडे, भांडारकरांनीही राजीनामे दिले. बाजू कुणाचीही घ्या, पण यातून एक प्रश्न उरतोच. मुलं आपल्याकडे बघून शिकतात, आपण न शिकवलेलंही उचलतात. मग आपलं वागणं हीच त्यांच्यावरची सगळ्यात मोठी जबरदस्ती ठरू शकते का? मोठ्यांनी यावर विचार करायला हवा.

मग १८९६-९७चा मध्य प्रांतातला दुष्काळ आला. बातम्या वाचून रमाबाईंना आपलं रानातलं उपाशी कुटुंब आठवलं. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. १९००च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी आल्या. केडगावच्या मुक्तीमध्ये राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आणि इथे त्यांनी काय केलं पाहा. वाचन-लेखन तर शिकवलंच. पण त्याबरोबर विणकाम, शिवण, शेती, दूधदुभतं, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं मुलींच्याच हातांनी चालवलं. थोरल्या मुलींकडे धाकट्यांची जबाबदारी दिली. अंध मुलींनाही हाताला काम दिलं. कुठल्याही मुलीवर पुन्हा तसं उपाशी रानात जायची वेळ आली, तर तिला स्वतःचं पोट भरता आलं पाहिजे!

माझ्या मते रमाबाईंच्या आयुष्याचं मर्म इथे आहे. आईबापांकडून मिळालेलं सोनं त्यांनी जपलं. ते सोनं म्हणजे मुलीला विद्या देणं, तिच्यावर विश्वास टाकणं, तिला जवळ घेणं. आणि आईबापांनी जे दिलं नाही, म्हणजे हातातलं कसब, कामाची इभ्रत, बाहेरच्या जगाची ओळख, ते त्यांनी स्वतःच्या पदराने पुढच्या हजारो लेकींना दिलं. आईबापांना दोष देत बसल्या नाहीत आणि त्यांची चूक पुढे ढकललीही नाही.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा चाळिसाव्या वर्षी गेली. लेकीच्या मागे रमाबाई नऊच महिने राहिल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सुरू केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी पूर्ण करत आणलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

मैत्रिणींनो, आपली मुलं दहावी-बारावीला आली, वयात आली, की आपली घालमेल सुरू होते. किती धरायचं आणि किती सोडायचं? याचं तयार उत्तर कुणाकडेच नाही. पण एक करून बघा. निवांत वेळी दोन प्रश्न स्वतःला विचारा. पहिला, माझ्या आईबापांनी मला काय दिलं, जे मला मुलांपर्यंत पोहोचवायचंच आहे? दुसरा, कुठली गोष्ट त्यांनी मायेपोटी दिली नाही आणि मला ती पुढे जड गेली? सायकल असेल, पोहणं असेल, एकटीने प्रवास असेल, पैशाचा व्यवहार असेल, किंवा नुसतं मोकळेपणी नाही म्हणायची मुभा असेल.

मुलीला आणि मुलालाही, घरातलं एक काम आणि बाहेरचं एक काम पूर्णपणे सोपवा. चुकू दे, दूध ऊतू जाऊ दे, परतीची एसटी चुकू दे. ओरडण्याआधी काय झालं ते विचारा. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यासाला उठवायचं असेल, तर दारातून हाका मारण्याऐवजी एकदा जवळ बसून केसांतून हात फिरवा. लक्ष्मीबाईंनी दीडशे वर्षांपूर्वी, डोक्यावर छप्परही नसताना, एवढं केलं होतं. आपल्याला ते जमायला हरकत नाही.